उतरताना

आठवडाभर मी तो एकच बोंडा पिळत होते,
मागच्या चाकापाशी केबल जिथं आत शिरते तिथला,
पाव आटा आत, पाव आटा बाहेर.
मोठ्या चक्रावर चढायला राजी केली चेन
की लहानावर उतरायला का-कू.
उतरायला लावली
की चढताना करकर.

गोदाइफच्या चढावरून परतताना खटका दाबायचा
आणि मोजायचं :
एक, दोन...
आणि आपण पेडलवर उभं राहावं नेमकं त्याच क्षणी
खाडकन पडायची खाली,
गुडघ्यातून कळ दातापर्यंत.

लुवाम म्हणाली, चेन बदल.
आमचे कोच म्हणाले, हँगर वाकलाय, बघताक्षणी कळतं.
(बघितलं त्यांनी समोरच्या हॉटेलातून,
हातात माकियातोचा कप.)
चुलत्यानं विचारलंच नाही,
स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला
आणि जे दोन स्क्रू सेनायनं जाताना सांगितलं होतं हात लावू नका,
तेच फिरवून गेला.
आजार हल्याला, डाग पखालीला.

शेवटी मेदेबेरला गेले.
तिथं पिंपांच्या चुली होतात, चुलींच्या बादल्या,
हातोड्यांच्या त्या गदारोळात
अबोय झेराय सायकल आकड्याला टांगतात
आणि कान लावतात.
हत्यार नाही. नुसता हातानं पेडल फिरवतात,
डोळे मिटून,
तापल्या पोराच्या छातीला कान लावावा तसे.

"अडते कधी? चढताना की उतरताना?"
उतरताना.
"मग ओढत का बसलीस?
चढताना केबल ओढते.
उतरताना तिनं फक्त सोडायचं असतं,
घरी आणायचं काम स्प्रिंगचं,
आणि स्प्रिंग चांगली जवान आहे.
हिला वाटेत कुणीतरी धरून ठेवलंय."

मग केबल ढिली करून
एकेक वेटोळं चाचपत आले मागं मागं,
हँडलवरच्या, सेनायच्या घामानं काळ्या पडलेल्या पट्टीपासून
(ती मी बदललेली नाही)
चाकामागच्या शेवटच्या वळणापर्यंत.
तिथं टोपी नव्हती टोकाला.
आत तांबडा भुगा.
बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावला.
"मसावा," म्हणाले.
"कुणी नेली होती समुद्रावर?"

मी नेली नव्हती.
तीन वर्षांपूर्वीचं मीठ ते.
सेनाय तिथून चढून आला होता शेवटच्या उन्हाळ्यात,
सात तास,
आणि सायकल भिंतीला टेकवून आईला म्हणाला होता,
पाणी दे.

नवी केबल अख्ख्या अस्मारात नाही.
अबोयनी दोन बोटं नळी कापली,
टोक कानशीनं सपाट केलं,
दाभणानं तोंड उघडलं.
तेल? छे, तेल धूळ धरतं.
खिशातनं मेणबत्तीचं थोटूक काढलं,
एंदा मरियमच्या सणातलं, मधमाश्यांच्या मेणाचं,
आणि जुनीच केबल त्यातून ओढली,
तीनदा,
सुई ओवण्याआधी दोऱ्याला मेण लावतात तशी.
चुलत्याचे स्क्रू जागेवर आणले, शिवी देऊन.
मग बोंडा.
पाव आटा.
झालं.

पैसे विचारले तर म्हणाले, मेणबत्ती आणून दे.

सकाळी नेफासितच्या उताराला लागले.
खाली दरीभर धुकं,
कठड्यावर माकडं, ओळीनं, पंचांसारखी.
खटका दाबला.
मोजायला तोंड उघडलं
तर चेन बसलेलीसुद्धा.

रविवारी गोथेनबर्गहून फोन.
सायकल कशी आहे, त्यानं विचारलं.
म्हटलं, तुझं मीठ निघालं तिच्यातनं,
दोन बोटं कापावं लागलं.
फोनमध्ये
एक,
दोन,
मग हसला.